हिऱ्याऐवजी पाचू

सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. शिंप्यांचं आणि कुलकर्ण्यांचं ते बघून घेतील. मी चिंचवड गावात चाळीसेक वर्षं ऐरणीपुढे बसलो. सोन्यात कधी खोट केली नाही, तरी त्या म्हणीतला सोनार मी नाही असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. त्याचं कारण एक अंगठी आहे. दिवाळीच्या अंकात लोक फराळाबरोबर काहीतरी खुसखुशीत मागतात, हे मला कळतं. पण पंच्याहत्तरी उलटल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं उरलंय ते हेच, आणि ते पोटात ठेवून आता कुठे न्यायचं?

मी मुळात जडिया, म्हणजे दागिन्यात खडे बसवणारा. पुण्याच्या पेठेत घडवणारा वेगळा, जडवणारा वेगळा, झिलई देणारा वेगळा. आमच्या गावात एवढी चैन नव्हती, सगळं एकट्यानंच करायचं. खडा बसवायच्या दोन तऱ्हा. एक कोंदण, म्हणजे खड्याभोवती सोन्याची बारीक भिंत उठवायची आणि ती सगळीकडून हळूहळू आत दाबत आणायची. दुसरा पंजा. त्यात सोन्याच्या चार नखांनी खडा धरायचा आणि खाली मोकळं ठेवायचं, म्हणजे उजेड आरपार जातो. हिऱ्याला पंजा शोभतो. पाचूला मी कोंदणच करायचो, कारण पाचू हा जन्मतःच नाजूक दगड. जरा जोर जास्त झाला की चिरतो. त्याच्या पोटात बारीक रेषांचं जाळं असतं आणि ते बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं. मी प्रत्येकाला सांगायचो, जाळं आहे म्हणून तर तो खरा आहे. अगदी निर्मळ पाचू कोणी स्वस्तात दाखवला तर काच समजा आणि घरी जा. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन त्याला गणती नाही.

खड्यांचं गिऱ्हाईक म्हणजे एकेक नमुना. नीलम लाभतो की नाही हे बघायला तो तीन दिवस उशाशी ठेवायची रीत आहे. देहूरोडचा एक ठेकेदार असाच नीलम घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे परत घेऊन आला. म्हणाला, सायकल चोरीला गेली, हा दगड नको बाबा. सायकल मेव्हण्यानं नेली होती, दुपारी परत आली. तरी त्यानं नीलम पुन्हा हातात धरला नाही, मेव्हण्याला मात्र घरात ठेवून घेतला. अशा गोष्टी मी पूर्वी रंगवून सांगायचो. आता सांगताना त्यात मजा वाटत नाही.

त्या अंगठीची गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींचा कॅम्प वसला होता, मुंबई रस्त्याला एकेक कारखाना उभा राहत होता आणि बाकी सगळीकडे ज्वारी-बाजरीचं रान. कारखान्यांबरोबर पगारदार पोरं आली आणि ती साखरपुड्याला अंगठी मागू लागली. तोवर आमच्याकडे साखरपुडा म्हणजे साखर, नारळ, लुगडं आणि चार माणसं. अंगठी हे शहरातलं खूळ.

दिनकरराव हे त्यांतल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. माझ्या दुकानापासून चार घरं पलीकडे राहायचे. माणूस सरळ, पण अब्रूला फार जपणारा. धाकट्या बहिणीच्या लग्नात कुणीतरी काहीतरी बोललं होतं, ते त्यांनी वीस वर्षं धरून ठेवलं होतं. त्यांची मुलगी शालन. आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेली. सातवी पास होती आणि गल्लीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायची. तिच्यासाठी त्यांनी त्याच कारखान्यातला वायरमन पाहिला होता. रघुनाथ त्याचं नाव, बार्शीकडचा. आईबाप नाहीत, व्यसन नाही, कामाला चोख. दिनकररावांनीच त्याला हेरला आणि ते सगळ्यांना तसं सांगायचेही.

अंगठी ठरवायला चौघं एकदम दुकानात आली. दिनकरराव, आत्या, शालन आणि तो रघुनाथ. मुलीला दुकानात आणायची तेव्हा पद्धत नव्हती, पण बोटाचं माप हवं म्हणून आणलं असं आत्यानं दोनदा सांगितलं. मी दाराजवळच्या उजेडात पांढरा कागद अंथरला आणि त्यावर खडे मांडले. माणिक, पाचू, पुष्कराज, आणि हिऱ्याच्या दोन कण्या. रघुनाथ कागदाकडे नीट बघेचना. म्हणाला, “हिराच करा, नाना.”

मी त्याला किंमत सांगितली. त्याच्या कपाळावर घाम आला, तरी तो म्हणाला हिराच. मला मनातून हसू आलं. म्हटलं, पगार किती, चपलेला खिळे ठोकलेले, आणि ऐट बघा. मी त्याला समजावलं की त्याच्या ऐपतीत हिऱ्याची जी कणी बसेल ती दिसायला भिंग लावावं लागेल, त्यापेक्षा त्याच पैशात रंगीत खडा चांगला ठसठशीत येईल. तो मान हलवत राहिला. हिरा पांढरा असतो, स्वच्छ असतो, असं काहीतरी पुटपुटला. तेव्हा शालन पहिल्यांदा बोलली. मान खाली घालूनच ती म्हणाली, “हिरा नको. हिरवा खडा चांगला आहे.”

आत्या नंतर एकदा मला म्हणाली की पोरीनं त्याच्या चपला पाहिल्या होत्या. त्याच्यावर बोजा नको म्हणून तिनं हिरा नाकारला. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की पोरगी शहाणी आहे. मी पाचूचे दोन खडे पुढे सरकवले, एक गडद, एक फिका, आणि रघुनाथला म्हटलं, आता तुम्ही सांगा यातला कुठला. त्यानं हात मागे घेतला. म्हणाला, त्यांना आवडेल तो. दिनकरराव खूश झाले. जावई मुलीचा शब्द झेलतो म्हणून त्यांना कौतुक वाटलं.

आठ दिवसांनी रघुनाथ एकटाच अंगठी न्यायला आला. त्याच सुमाराला रहाटणीच्या एका बागाईतदारानं सुनेसाठी माणकाची अंगठी सांगितली होती. ज्योतिषानं माणिकच सांगितलंय, दुसरं काय चालायचं न्हाई, असा त्याचा हेका. दोन्ही अंगठ्या मी एकाच घाटाच्या केल्या होत्या, कारण माझ्याकडे बायकी अंगठीचे घाट होते दोनच आणि दुसरा मलाच आवडायचा नाही. दोन्ही तयार होऊन कागदावर शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक तांबडी, एक हिरवी. मी डबी आणायला आत वळलो आणि म्हटलं, तुमची उचला.

बाहेर येऊन बघतो तर त्यानं माणकाची अंगठी उचललेली. बरं, नजरचूक होते. पण तो ती दाराशी उजेडात धरून चांगली न्याहाळत होता. मला म्हणाला, “हिरवा रंग छान आलाय हो, नाना.”

मी आधी समजलो की पोरगं थट्टा करतंय. मग त्याचा चेहरा बघितला. मी खड्यांच्या डबीतून चार खडे काढून कागदावर टाकले आणि म्हटलं, यातले तांबडे वेगळे करा. त्यानं प्रयत्न केला. दोन बरोबर निघाले, दोन चुकले. मग तो खाली बसला. माझ्या दुकानाच्या पायरीवर, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. लहानपणापासून असं आहे म्हणाला. तांबडं आणि हिरवं त्याला सारखंच दिसायचं, दोन्ही मातीसारखं. कारखान्यात घेताना कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

आता वायरमनचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा तांबडी वायर म्हणजे वीज असलेली, काळी म्हणजे परतीची, आणि हिरवी जमिनीला जोडायची. तांबडी आणि हिरवी यांची अदलाबदल झाली तर मोटारीच्या लोखंडी अंगातच वीज उतरते, आणि जो पहिला हात लावेल तो गेला. मला हे त्या दिवशी नीट ठाऊक नव्हतं. पण एवढं ठाऊक होतं की वायरी रंगानं ओळखतात.

तो म्हणाला, “नाना, मी कामात चुकत नाही. कधीच चुकलो नाही. फक्त हे बाहेर जाऊ देऊ नका.”

मी म्हटलं, बघू. सोनाराचं “बघू” म्हणजे काय, ते गिऱ्हाइकाला पुढे कळतं. चुकत नाहीस तो कसा, एवढं साधं मी त्याला विचारलं नाही. ते मी विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी त्याच्या हातात हिरवी अंगठी ठेवली, तो गेला आणि मी माणकाची कागदात गुंडाळली.

साखरपुड्याला मी गेलो होतो. पेढे खाल्ले. शालनच्या बोटात अंगठी चांगली बसली होती, ती पुन्हा पुन्हा हात उलटा करून बघत होती. रघुनाथनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. आमच्या धंद्यात तोंड बंद ठेवणं हे अर्धं भांडवल असतं. कुणाच्या पाटल्या पितळी निघाल्या, कुणाची नथ कुणाच्या नाकात गेली, हे सगळं सोनाराला ठाऊक असतं आणि ते त्याच्याबरोबर चितेवर जायचं असतं. तशी मी अनेकांची अब्रू राखली. याचीच तेवढी राखली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी दिनकरराव मंगळसूत्राची वाटी पसंत करायला आले. बोलता बोलता आनंदानं म्हणाले, जावयाचं नशीब निघालं, साहेब त्याला नव्या खात्यातल्या मोठ्या मोटारींवर घालणार आहेत, त्याच्या हाताखाली माणसं असतील.  मोठ्या मोटारी म्हटल्यावर मला कुणाचं तरी मढं दिसायला लागलं, कधी त्याचं, कधी दुसऱ्याचं. मी वाटी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. पायरीवर बसलेला तो, कागदावरचे चार खडे, सगळं.

भीती होती हे खरं. पण इतकी वर्षं गेल्यावर खोटं कशाला बोलू, मोठेपणाची हौसही होती. चार शहाणी माणसं जे ओळखू शकली नाहीत ते माझ्या नजरेनं ओळखलं, याची घमेंड होती. सांगताना माझा आवाज चढला होता, हे मला अजून आठवतं.

दिनकररावांनी ती वाटी माझ्याकडे परत सरकवली. मग उठताना म्हणाले, “कान सोनारानंच टोचावे लागतात म्हणतात. बरं केलंत.”

माझ्या मनात होतं की ते जावयाला आडोशाला घेऊन विचारतील आणि दुसऱ्या कुठल्यातरी कामाला लावून देतील. स्टोअरमध्ये घेतलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांच्या डोक्यात मोटारी नव्हत्याच. त्यांच्या डोक्यात नातवंडं होती. रक्तात दोष आहे, तो पुढे उतरेल, लोक बोट दाखवतील. लग्न मोडल्याचा ठपका आपल्या घरावर नको म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबाच्या कानावर घातलं. साहेबानं रघुनाथला बोलावून टेबलावर रंगीत दोऱ्यांची रिळं ठेवली, भोवती पाचसहा माणसं उभी होती. आठवडा संपायच्या आत त्याची नोकरी गेली आणि लग्नही मोडलं. तो माझ्याकडे आला नाही. आला असता, शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. खोली सोडली आणि गेला.

लग्न मोडलं की एकमेकांच्या वस्तू मध्यस्थाच्या हातून परत करायची रीत आहे. इथे शालन स्वतः आली, दुपारच्या वेळी. ती पायरीवर उभी राहिली, आत आली नाही. रुमालात बांधलेली अंगठी तिनं फळीवर ठेवली. मी काहीतरी बोलायला लागलो, पोरी, तुझ्याच भल्यासाठी वगैरे. तिनं मला पुरं बोलू दिलं. मग ती म्हणाली, “नाना, अंगठी माझ्या बोटात होती. तुम्ही बाबांना सांगितलंत, मला का नाही सांगितलंत?”

 मला ते सुचलंच नव्हतं, हेच खरं उत्तर. मुलीच्या बाबतीतलं मुलीला सांगायचं, ही गोष्ट त्या काळी आमच्या कुणाच्या डोक्यात यायची नाही. मी विचारलं, तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? ती म्हणाली, “त्यांना विचारलं असतं, काम कसं करता म्हणून.” आणि जाताना म्हणाली, “ही त्यांना पोचवा. वितळवू नका.”

पुढल्या वर्षी तिला कराडकडे दिली. बिजवर होता. अंगठी माझ्या कपाटातच होती. कुणाकडे पाठवायची, पत्ता नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. बार्शीच्या माणसांकडे चौकशी करता आली असती, ती मी केली नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मग माझ्या दुकानात वीज आली. वायरी ओढायला त्याच कारखान्यातला एक वायरमन सुट्टीच्या दिवशी आला. शिडीवर चढून भराभर काम उरकत होता. मी खाली उभा राहून बघत होतो. तांबडी दिसली की इकडे, हिरवी दिसली की तिकडे, विडी तोंडात तशीच. मी म्हटलं, तपासत नाहीस का रे? तो हसला. म्हणाला, “डोळे दिलेत ना देवानं. तपासायचा तो एकटा रघुनाथ. होल्डरला बल्ब लावून हिंडायचा दिवसभर. एकेक वायर बल्बला लावून बघायचा, पेटला तर वीज आहे, नाही पेटला तर नाही. आणि ओळखली की तिला सुतळीची गाठ मारून ठेवायचा. आम्ही लई चिडवायचो त्याला.”

मी विचारलं, कधी चुकला का? तर म्हणाला, “तो कशाचा चुकतो. तो गेल्यापासून आम्हीच दोनदा फ्यूज उडवलाय.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, विजेला घाबरलो. पाचूतलं जाळं बघून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांना मी जन्मभर शहाणपण शिकवलं, आणि माझ्यासमोर माणूस बसला होता तर मला त्याच्यातली रेघच तेवढी दिसली. ज्याला दिसत नव्हतं तो प्रत्येक वायर तपासत होता. मला चांगलं दिसत होतं, म्हणून मी काहीच तपासलं नाही.

मग मात्र चौकशी केली. चाकणच्या कांद्याच्या बाजारात मापाडी म्हणून काम करतो असं कळलं. एका बाजाराच्या दिवशी मी सायकल काढली. तळवड्याच्या पुढे इंद्रायणी ओलांडून महाळुंग्यावरून चाकणला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. तो काट्यापाशी उभा होता, डोक्याला पंचा, अंगावर कांद्याची सालपटं. पूर्वीपेक्षा वाळला होता. मला बघून त्यानं हातातली पाटी खाली ठेवली आणि चक्क नमस्कार केला. या नाना, म्हणाला. चहा सांगितला.

मी चहा न पिताच बोललो. चुकलो म्हणालो, दोन-तीनदा म्हणालो. बल्बचं मला आता कळलं, हेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, त्या वेळी तुम्ही विचारलं असतं तर मी दाखवलाही असता, पिशवीतच होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. मग त्यानं विचारलं, त्या बऱ्या आहेत का? मी म्हटलं, कराडकडे दिली. त्यानं मान हलवली आणि काट्यावरचं वजन उगाच थोडं सरकवलं.

मी कागदाची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. शालननं काय सांगितलं होतं ते सांगितलं. त्यानं पुडी उलगडली. अंगठी दोन बोटांत धरून उन्हात केली, या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली. त्या दिवशी माझ्या दुकानाच्या दारात बघितली होती तशीच. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“नाना, ही तीच ना? हिरवी?”

“हिरवीच,” मी म्हटलं.

“तुम्ही म्हणताय म्हणजे असेल,” तो म्हणाला. त्यानं ती पंचाच्या टोकाला बांधली, वर एक गाठ मारली, ती ओढून पाहिली, आणि पुढची पाटी काट्यावर घेतली.